मुलाचे बोलणे मोजायचे कसे?

मूल दोन वर्षांचे झाले की बालरोगतज्ज्ञ पालकांना हमखास दोन गोष्टी विचारतात. ते पन्नासेक शब्द बोलते का, आणि दोन शब्द जोडून काही सांगते का? हा पन्नासाचा आकडा आता घरोघरी माहीत झाला आहे आणि त्यावरून अनेक आईवडिलांच्या झोपा उडतात. तो आला कुठून, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ लेस्ली रेस्कोर्ला यांनी 1989 साली सुमारे 310 शब्दांची एक यादी प्रसिद्ध केली. मूल यांपैकी जे शब्द स्वतःहून बोलते त्यांवर आईवडिलांनी खुणा करायच्या होत्या. दोन वर्षांच्या मुलाचे शब्द 50 पेक्षा कमी असतील किंवा ते शब्द जोडत नसेल, तर त्याच्याकडे अधिक लक्ष द्यावे, असा निकष या यादीच्या आधारे पुढे रूढ झाला. म्हणजे हा आकडा विशिष्ट देशातल्या, मुख्यतः एकच भाषा बोलणाऱ्या घरांतून, आईवडिलांच्या आठवणीवर विसंबून आलेला आहे.

आता तोच आकडा गिरगावातल्या किंवा घाटकोपरमधल्या मुलाला लावून पाहा. या मुलाशी घरी आई-आजी मराठी बोलतात, सोसायटीच्या आवारात खेळगडी हिंदी बोलतात, पाळणाघरात इंग्रजी गाणी लागतात आणि शेजारच्या बेन त्याला गुजरातीत हाका मारतात. त्याचे शब्द कोणत्या भाषेत मोजायचे? कोणाला विचारून मोजायचे? मुलांच्या भाषाविकासाविषयी आपण जे काही ऐकतो, ते प्रत्येक विधान कुठल्या तरी पद्धतीने मिळालेले असते आणि त्या पद्धतीला जेवढे दिसते तेवढेच त्या विधानात उतरलेले असते. म्हणून या पद्धती सर्वसामान्य पालकांना आणि शिक्षकांना नीट कळल्या पाहिजेत, असे मला मनापासून वाटते.

रोजनिशी

सर्वांत जुनी पद्धत साधी होती. आपल्याच मुलाकडे पाहायचे आणि लिहून ठेवायचे. चार्ल्स डार्विन यांनी 1839 साली जन्मलेल्या आपल्या पहिल्या मुलाच्या अशा नोंदी ठेवल्या आणि त्यांवर आधारित लेख 1877 साली ‘माइंड’ या नियतकालिकात छापला. जर्मनीत क्लारा आणि विल्यम स्टर्न या दांपत्याने आपल्या मुलांच्या बोलण्याच्या तपशीलवार नोंदी ठेवून 1907 साली त्यावर ग्रंथ लिहिला. वर्नर लिओपोल्ड यांनी अमेरिकेत राहून जर्मन आणि इंग्रजी अशा दोन भाषांत वाढणाऱ्या आपल्या मुलीचा अभ्यास 1939 ते 1949 या काळात चार खंडांत प्रसिद्ध केला. द्विभाषिक मुलांविषयीच्या संशोधनात त्या खंडांचा आधार आजही घेतला जातो.

रोजनिशीचे बळ असे की घरातले माणूस दिवसभर मुलाच्या आसपास असते, त्यामुळे पहिल्यांदाच उच्चारलेला शब्द आणि तो कोणत्या प्रसंगी उच्चारला, हे त्याला टिपता येते. तिची उणीवही त्याच जवळिकीतून येते. डार्विन यांनी लिहिले आहे की मुलाने बरोबर एक वर्षाचा असताना खाण्यासाठी ‘मम्’ असा शब्द स्वतःच शोधून काढला. आपल्याकडचा कोणीही हे वाचून थबकेल, कारण आपण बाळाला भरवताना स्वतःच ‘मंमं’ म्हणत असतो. डार्विन यांच्या घरात नेमके काय घडले हे आज ठरवता येणार नाही. परंतु मुलाने शब्द घडवला की मोठ्यांकडून उचलला, हे केवळ मुलाच्या बोलण्याच्या नोंदीवरून सांगता येत नाही. त्यासाठी मोठ्यांचे बोलणेही त्याच बारकाईने टिपावे लागते.

मराठीच्या बाबतीत हे काम पूर्वीच झाले आहे, ही अभिमानाची गोष्ट आहे. भाषाशास्त्रज्ञ अशोक केळकर यांनी 1964 साली मराठी माणसे बाळांशी जे बोबडे बोल बोलतात त्यांवर स्वतंत्र लेख लिहिला. त्याच वर्षी चार्ल्स फर्ग्युसन यांनी जगातल्या सहा भाषांमधील अशा बोलांची तुलना केली आणि त्या सहांत मराठी होती. भूर, बाऊ, काऊ, माऊ, हम्मा हे शब्द मोठ्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलेले आहेत आणि त्यांची स्वतःची ध्वनिरचना आहे, हे अशा अभ्यासांमुळे स्पष्ट झाले. मुलाच्या तोंडून ‘भूर’ ऐकू आले की त्यात मुलाचे किती आणि आजीचे किती, असा प्रश्न संशोधकाला विचारता येऊ लागला.

ध्वनिमुद्रण आणि त्यानंतरचे कष्ट

ध्वनिमुद्रणाची यंत्रे हाताळण्याजोगी झाली तेव्हा चित्र बदलले. हार्वर्ड विद्यापीठातील रॉजर ब्राउन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1962 पासून तीन मुलांच्या घरी नियमितपणे जाऊन त्यांचे संवाद टेपवर घेतले. अ‍ॅडम, ईव्ह आणि सेरा ही त्या मुलांची संशोधनातली टोपणनावे आज या क्षेत्रात सर्वांना ठाऊक आहेत. 1973 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत ब्राउन यांनी दाखवले की तिन्ही मुलांचा वेग वेगवेगळा होता, पण इंग्रजीतले चौदा व्याकरणिक घटक त्यांनी जवळपास एकाच क्रमाने आत्मसात केले. तेव्हापासून वयाच्या जोडीला आणखी एक माप संशोधकांत रूढ झाले. मुलाच्या एकेका उच्चारात सरासरी किती रूपिका, म्हणजे अर्थाचे किती लहानात लहान तुकडे, असतात हे ते माप.

मराठीत हे माप वापरायचे म्हटले की अडचण लगेच समोर येते. ‘घराबाहेरच्यांना’ हा लिहिताना एकच शब्द आहे, पण त्यात घर, त्याचे सामान्यरूप, बाहेर, -चा, अनेकवचन आणि -ना इतके पदर आहेत. लहान मूल ‘घरात’ म्हणते तेव्हा त्याला ‘घर’ आणि ‘-त’ हे वेगळे कळलेले असतात, की त्याने ‘घरात’ हा अखंड शब्द पाठ केलेला असतो? ते इतर नामांनाही ‘-त’ लावते का, आणि ‘-त’शिवाय ‘घर’ म्हणते का, हे पाहिल्याशिवाय त्याचे उत्तर मिळत नाही. म्हणून मराठी मुलांची तुलना इंग्रजी मुलांच्या आकड्यांशी थेट करणे चुकीचे ठरते.

ध्वनिमुद्रणापेक्षा ते उतरवून काढणे अधिक कष्टाचे असते, कारण तासाभराचा संवाद लिहायला कित्येक तास जातात. समजा, दादरच्या एका चाळीतल्या घरात बावीस महिन्यांच्या मुलीचे बोलणे टिपले आहे. मुलगी दाराकडे बोट दाखवून म्हणते, “आजी, भूर.” आजी विचारते, “भूर जायचंय? चप्पल कुठंय तुझी?” मुलगी म्हणते, “पप्पल नाई,” आणि त्याच वेळी कुकरची शिट्टी होऊन पुढचे एक अक्षर त्यात बुडते. लिहिणाऱ्याला इथे किती निर्णय घ्यावे लागतात ते पाहा. ‘पप्पल’ जसे उच्चारले तसे लिहायचे आणि शेजारी ‘चप्पल’ हा अभिप्रेत शब्द नोंदवायचा. दाराकडे दाखवलेले बोट वेगळ्या ओळीवर टिपायचे, कारण ते नसेल तर ‘भूर’ ही विनंती आहे की कोणी बाहेर गेल्याची बातमी, हे कळणार नाही. शिट्टीत बुडालेला भाग अंदाजाने भरायचा नाही. तो ‘अस्पष्ट’ म्हणूनच ठेवायचा. ‘पप्पल नाई’ ही दोन शब्दांची जोडणी धरायची की आजीच्या प्रश्नातला शब्द परत करून त्याला नुसता नकार जोडला आहे असे मानायचे, यासाठी आधीच लिहून ठेवलेला नियम असावा लागतो. नोंदींचा काही भाग दुसरी व्यक्ती स्वतंत्रपणे उतरवते आणि दोघांचे किती जुळले ते योगायोगाने जुळण्याची शक्यता वजा करून मोजले जाते. जुळणी कमी असेल तर मुलीबद्दल काही म्हणण्याआधी नियम सुधारावे लागतात.

अशा नोंदी प्रत्येकाच्या कपाटात पडून राहू नयेत म्हणून ब्रायन मॅकव्हिनी आणि कॅथरीन स्नो यांनी 1984 साली ‘चाइल्ड्स’ नावाचा सामाईक संग्रह उभा केला. त्यात अनेक भाषांतले संवाद ठरलेल्या एकाच पद्धतीने लिहिलेले असतात, त्यामुळे एकाने जमवलेली सामग्री दुसऱ्याला वेगळ्या प्रश्नासाठी वापरता येते.

एक हिशेब मात्र विसरता कामा नये. मूल दिवसाला सुमारे दहा तास जागे असते असे धरले, तर आठवड्याला सत्तर तास होतात. आठवड्यातून एक तास ध्वनिमुद्रण केले तर त्यांतला जेमतेम दीड टक्का वेळ हाती लागतो. एखादे रूप त्या तासात ऐकू आले नाही, म्हणून मुलाला ते येतच नाही असा निष्कर्ष काढता येत नाही. मुलाच्या अंगरख्याच्या खिशात छोटे यंत्र ठेवून दिवसभर सोळा तासांपर्यंत आवाज टिपण्याची सोय या शतकात झाली आणि ही उणीव बरीच कमी झाली. पण त्यातली मोजणी संगणक करतो आणि ती प्रणाली मुळात अमेरिकी इंग्रजी घरांतल्या आवाजांवर घडवलेली आहे. टीव्हीवरची मालिका, मिक्सर, खालून जाणारी लोकल आणि भिंतीपलीकडचे शेजारी या सगळ्यांतून मुलाशी बोललेले शब्द वेगळे काढणे तिला मुंबईच्या खोलीत कितपत जमते, हे माणसाने कानांनी तपासल्याखेरीज तिच्या आकड्यांवर विसंबू नये.

जे बोलतच नाही त्याला विचारायचे कसे?

या क्षेत्रातली मला सर्वांत विलक्षण वाटणारी कल्पकता इथे दिसते. दोन महिन्यांच्या बाळाला ‘ब’ आणि ‘प’ यांतला फरक ऐकू येतो का? त्याला विचारता येत नाही, पण चोखणे त्याच्या ताब्यात असते. पीटर आयमस आणि सहकाऱ्यांनी 1971 साली एक महिन्याच्या आणि चार महिन्यांच्या बाळांच्या तोंडात दाब मोजणारे रबरी निपल दिले. बाळ जोराने चोखू लागले की ‘ब’सारखा ध्वनी वाजे. तोच तो ध्वनी ऐकून बाळ कंटाळे आणि चोखणे मंदावे. मग ध्वनी बदलून ‘प’सारखा केला की चोखण्याचा वेग पुन्हा वाढे. काही बाळांना ध्वनीत तेवढाच भौतिक बदल, पण एकाच वर्णाच्या हद्दीत राहणारा, ऐकवला होता आणि काहींचा ध्वनी मुळीच बदलला नव्हता. त्या दोन्ही गटांत तशी वाढ दिसली नाही. तुलनेसाठी असे गट ठेवणे हा या प्रयोगाचा कणा आहे, कारण त्यांच्याशिवाय वेग निव्वळ चाळवाचाळवीने वाढला असे कोणीही म्हणू शकले असते.

बाळ सहा महिन्यांचे झाले की मान वळवणे हे उत्तर म्हणून वापरता येते. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांचा 1984 सालचा प्रयोग आपल्यासाठी खास आहे, कारण त्यातले काही ध्वनी हिंदीतून घेतले होते. दंत्य ‘त’ आणि मूर्धन्य ‘ट’ यांतला फरक मराठी माणसाला ‘ताक’ आणि ‘टाक’ म्हणताना जाणवतही नाही इतका सहज येतो. इंग्रजीत मात्र तो शब्दांचा अर्थ बदलत नाही. प्रयोगात बाळ आईच्या मांडीवर बसते, ‘त, त, त’ असा आवाज चालू असतो आणि मध्येच तो ‘ट’ होतो. ध्वनी बदलल्यावर मान वळवली तर बाजूच्या पेटीतले खेळणे उजळून हलू लागते. काही वेळाने बाळाला हे गणित कळते आणि फरक ऐकू आला की ते खेळण्याच्या आशेने आपणहून मान वळवते. आईच्या आणि मदतनिसाच्या कानांवर हेडफोन चढवून संगीत लावलेले असते. तसे केले नाही तर ध्वनी बदलताच आईच्या अंगात येणारी सूक्ष्म हालचाल बाळाला उत्तर सांगून जाईल.

इंग्रजी घरांतल्या सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक बाळांनी हा फरक ओळखला. दहा ते बारा महिन्यांच्या बाळांपैकी फारच थोड्यांना तो ओळखता आला. हिंदी घरांतल्या त्याच वयाच्या बाळांची क्षमता मात्र टिकून होती. बाळ पहिला शब्द उच्चारण्याच्या सुमारासच त्याचे कान घरच्या भाषेला वळण घेत असतात, हे ज्ञान बोलणे टिपणाऱ्या कोणत्याही टेपमधून मिळाले नसते.

नजरेचाही असाच उपयोग होतो. पडद्यावर दोन चित्रे दाखवून त्यांपैकी एकाचे नाव घेतले जाते आणि बाळ कोणाकडे किती वेळ पाहते ते कॅमेरा टिपतो. एलिका बर्गेलसन आणि डॅनियल स्विंग्ली यांनी 2012 साली या मार्गाने दाखवले की सहा ते नऊ महिन्यांच्या बाळांनाही रोजच्या खाण्याच्या वस्तूंच्या आणि शरीराच्या अवयवांच्या काही नावांचा अर्थ थोडाफार कळलेला असतो. जेनी सॅफ्रन, रिचर्ड आस्लिन आणि एलिसा न्यूपोर्ट यांनी 1996 साली आठ महिन्यांच्या बाळांना ‘बिदाकू’, ‘पादोती’, ‘गोलाबू’ असे बनावट शब्द मध्ये कुठेही न थांबता सलग दोन मिनिटे ऐकवले. कोणते अक्षर कोणामागे येते याच्या वारंवारतेवरूनच बाळांनी शब्दांच्या सीमा ओळखल्या. हे कसे कळले? शब्दांच्या सीमा ओलांडून जोडलेले अनोळखी अक्षरगट ती बाळे अधिक वेळ ऐकत राहिली.

या प्रयोगांची मर्यादाही तितकीच खरी आहे. बाळे रडतात, झोपतात, भुकेजतात, आणि त्यांच्या नोंदी वगळाव्या लागतात. मग उरलेल्या वीस-पंचवीस बाळांवरून सर्व मानवजातीविषयी बोलण्याचा मोह होतो. यावर उपाय म्हणून अनेक प्रयोगशाळांनी एकच प्रयोग ठरलेल्या एकाच रीतीने करण्याचा प्रघात पडला आहे. 2020 साली प्रसिद्ध झालेल्या अशा एका प्रयोगात 67 प्रयोगशाळा सहभागी होत्या. बाळांना मोठ्यांच्या आपापसातल्या बोलण्यापेक्षा त्यांच्याशी लाडाने, सूर चढवून-उतरवून बोललेले ऐकणे अधिक आवडते, हे त्यात पुन्हा पडताळले गेले.

शब्दांच्या आधीच्या संवादाचाही असाच कस लावता येतो. वर्षाचे मूल खिडकीतून कावळ्याकडे बोट दाखवते तेव्हा त्याला कावळा हवा असतो, की आपण तो पाहावा असे वाटत असते? उल्फ लिझ्कोव्स्की आणि सहकाऱ्यांनी 2004 साली बारा महिन्यांच्या मुलांसमोर बाहुल्या अचानक वर येतील अशी व्यवस्था केली आणि मुलाने बोट दाखवल्यावर मोठ्या माणसाने काय करायचे ते बदलत नेले. कधी त्याने फक्त बाहुलीकडे पाहिले, कधी फक्त मुलाकडे पाहून आनंद दाखवला, कधी दोहोंकडे दुर्लक्ष केले, तर कधी बाहुली आणि मूल अशी नजर फिरवत तो बोलला. शेवटच्या प्रकारात मुले समाधानी दिसली आणि पुढच्या खेपांनाही उत्साहाने बोट दाखवत राहिली. इतर प्रकारांत एकाच खेपेत पुन्हापुन्हा बोट दाखवून ती जणू आपले म्हणणे पोहोचले नाही असे सुचवत होती. बोट दाखवण्यामागे ‘तूही बघ ना’ असा हेतू असू शकतो, हे त्यावरून निघते.

मूल नियम शिकते की शब्द पाठ करते?

थोड्या मोठ्या मुलांसाठी जीन बर्को यांनी 1958 साली एक सुंदर युक्ती योजली. एका काल्पनिक प्राण्याचे चित्र दाखवून त्याला बनावट नाव द्यायचे, मग तसेच दोन प्राणी दाखवून वाक्य अर्धवट सोडायचे. तो शब्द मुलाने कधीच ऐकलेला नसतो, त्यामुळे त्याने बरोबर अनेकवचन केले तर ते पाठांतरातून आलेले असूच शकत नाही.

मराठीत ही युक्ती आणखी खुलते. ‘दूक’ असा एक बनावट शब्द घ्या. एका मुलाला “हा दूक” असे सांगा, दुसऱ्याला “ही दूक” आणि तिसऱ्याला “हे दूक”. आता दोन चित्रे दाखवून पुढचे वाक्य त्याच्याकडून पूर्ण करून घ्या. पहिल्याने “दोन दूक”, दुसऱ्याने “दोन दुका” किंवा “दोन दुकी” आणि तिसऱ्याने “दोन दुकं” म्हटले, तर ‘हा, ही, हे’ या इवल्याशा शब्दांतून त्यांनी लिंग ओळखले आणि त्यानुसार अनेकवचन घडवले, असा अर्थ होतो. स्त्रीलिंगात वीट–विटा आणि भिंत–भिंती असे दोन्ही नमुने असल्याने मूल त्यांपैकी कोणता निवडते, यावरूनही त्याच्या मनातले नियम उलगडतात.

वाक्य समजले का, हे पाहण्यासाठी खेळणी उपयोगी पडतात. “बकरीने वाघाला ढकललं” हे ऐकून मुलाने तसे करून दाखवायचे. वाघानेच बकरीला ढकलले असे त्याने दाखवले, तर ते प्रत्ययांपेक्षा आपल्या जगाविषयीच्या समजुतीवर विसंबले असावे. म्हणून वाघ-बकरी, बकरी-वाघ अशा दोन्ही दिशांची वाक्ये द्यावी लागतात, आणि “वाघाला बकरीने ढकललं” असा क्रम बदललेला नमुनाही द्यावा लागतो. एकच वाक्य देऊन ‘याला व्याकरण कळत नाही’ असे ठरवणे हा मुलावर अन्याय आहे.

किती ऐकले, कोणाकडून ऐकले

पद्धतीने निष्कर्ष कसा घडतो याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे ‘तीन कोटी शब्दांची दरी’. बेटी हार्ट आणि टॉड रिझली यांनी अमेरिकेतल्या 42 कुटुंबांत मुले तीन वर्षांची होईपर्यंत दर महिन्याला एक तास ध्वनिमुद्रण केले आणि 1995 साली निष्कर्ष मांडला. सुस्थितीतल्या घरातले मूल चौथ्या वर्षापर्यंत जितके शब्द ऐकते, त्यापेक्षा सरकारी मदतीवर जगणाऱ्या घरातले मूल सुमारे तीन कोटी शब्द कमी ऐकते, असा तो निष्कर्ष होता. हा आकडा प्रत्यक्ष मोजलेला नव्हता. महिन्याच्या एका तासातल्या सरासरीला वर्षांच्या तासांनी गुणून तो काढला होता. गरीब घरांची संख्या त्यात अगदी थोडी होती, आणि अनोळखी संशोधक घरात बसल्यावर प्रत्येक घर सारखेच मोकळे राहील असे मानायला आधार नव्हता.

डग्लस स्पेरी, लिंडा स्पेरी आणि पेगी मिलर यांनी नंतर पाच वेगवेगळ्या समुदायांतल्या नोंदी तपासल्या. घरातल्या सर्व माणसांनी मुलाशी केलेले बोलणे आणि मुलाच्या कानावर पडणारे आजूबाजूचे बोलणे मोजणीत घेतल्यावर चित्र पुष्कळच बदलले आणि एकाच आर्थिक स्तरातल्या घराघरांतही मोठा फरक आढळला. परळच्या चाळीत वाढलेल्या कोणालाही याचा अर्थ कळेल, कारण तिथे मुलाशी आईइतकेच शेजारच्या काकू, गॅलरीतले आजोबा आणि मोठी भावंडे बोलत असतात. केवळ आईचे शब्द मोजणारी पद्धत अशा घराला आधीच नापास करून ठेवते. तरीही कानावर पडणे आणि मुलाशी बोलणे यांना एकच मानता येत नाही. अ‍ॅड्रियाना वाइसलेडर आणि अ‍ॅन फर्नल्ड यांनी 2013 साली 29 स्पॅनिशभाषक कुटुंबांतल्या दिवसभराच्या ध्वनिमुद्रणांवरून दाखवले की मुलाचा पुढचा शब्दसंग्रह त्याच्याशी थेट केलेल्या बोलण्याशी निगडित होता, नुसत्या कानावर पडलेल्या बोलण्याशी नव्हे.

हेही सहसंबंधच आहेत. बोलक्या घरातले मूल बोलके असते, यात संगोपनाचा वाटा किती, आनुवंशिकतेचा किती, आणि बोलक्या मुलाशी माणसे आपोआप जास्त बोलतात याचा किती, हे नुसत्या निरीक्षणातून सुटत नाही. कारण शोधायचे असेल तर परिस्थिती संशोधकाने स्वतः बदलावी लागते. पॅट्रिशिया कूल यांच्या गटाने 2003 साली नऊ महिन्यांच्या अमेरिकी बाळांना बारा बैठकांत मँडरिन चिनी भाषा ऐकवली. काहींसमोर प्रत्यक्ष माणूस बसून खेळत-वाचत बोलला, तर काहींना तेच बोलणे पडद्यावर किंवा नुसत्या आवाजातून मिळाले. प्रत्यक्ष माणसासोबत बसलेल्या बाळांना मँडरिनमधला परका ध्वनिभेद कळू लागला. पडद्यासमोरच्या बाळांत तसा परिणाम दिसला नाही. मूल जेवावे म्हणून समोर मोबाइल ठेवला जातो आणि ‘निदान भाषा तरी शिकेल’ असे म्हटले जाते, तेव्हा हा प्रयोग आठवावा.

मुंबईच्या मुलाची मोजणी

आता पुन्हा पन्नास शब्दांकडे येऊ. समजा, दोन वर्षांच्या एका मुलाला मराठीतले 30, हिंदीतले 14 आणि इंग्रजीतले 16 शब्द येतात. केवळ मराठीची यादी भरून घेतली तर ते मागे पडलेले दिसेल. तिन्हींची बेरीज 60 होते. त्यांत ‘पाणी’ आणि ‘वॉटर’ यांसारख्या, दोन भाषांत बोलता येणाऱ्या दहा कल्पना असतील, तर त्याने नाव दिलेल्या कल्पना 50 ठरतात. द्विभाषिक मुलांच्या अभ्यासात हे दोन्ही हिशेब वापरतात, एकूण शब्दांचा आणि एकूण कल्पनांचा. एका भाषेतला आकडा एकट्याने वापरून उशीर ठरवणे मुंबईतल्या बहुसंख्य मुलांच्या बाबतीत दिशाभूल करणारे आहे. ‘घरात एकच भाषा बोला’ असा सल्ला त्या आकड्यावर आधारून देणे तर अधिकच चुकीचे आहे.

यादीही नुसती भाषांतरित करून चालत नाही. इंग्रजी यादीत आत्या, मावशी, काकू, मामी यांना वेगवेगळी जागा नाही. उलट, तिथल्या मुलांना रोज दिसणाऱ्या कितीतरी वस्तू आपल्या घरात नसतात. शिवाय ती भरणार कोण? आई दिवसभर नोकरीला असेल तर दुपारचे शब्द आजीला किंवा पाळणाघरातल्या ताईंना माहीत असतात. त्यांना विचारल्याशिवाय यादी पूर्ण होत नाही.

अशा कामाची गरज मोठी आहे. इव्हन किड आणि रोवेना गार्सिया यांनी 2022 साली या विषयाच्या प्रमुख नियतकालिकांचा धांडोळा घेतला. जगातल्या सुमारे सात हजार भाषांपैकी जेमतेम शंभरेक भाषांतल्या मुलांचा अभ्यास त्यांत आढळला आणि त्यातही इंग्रजीचा वाटा फार मोठा होता. 2011 च्या जनगणनेनुसार मराठी ही 8 कोटी 30 लाखांहून अधिक लोकांची मातृभाषा आहे. एवढ्या मोठ्या भाषेतल्या मुलांची मापे दुसऱ्यांच्या मुलांवरून ठरावीत, हे योग्य नाही.

हे संशोधन करताना मुलांचे हक्कही सांभाळावे लागतात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2017 च्या नैतिक मार्गदर्शक तत्त्वांनुसार पालकांची लेखी संमती आवश्यक असते आणि समज आलेल्या मुलाची स्वतःची तयारीही विचारावी लागते. बाळ रडू लागले की प्रयोग थांबतो, कारण त्याच्या नकाराची भाषा तीच आहे. दिवसभराच्या ध्वनिमुद्रणात पाहुणे आणि शेजारीही नकळत टिपले जातात, म्हणून घरच्यांना हवा तो भाग खोडून टाकण्याचा अधिकार द्यावा लागतो.

दवाखान्यातल्या तपासणीची पद्धतही याच विचाराने चालायला हवी. मूल अपेक्षेइतके बोलत नसेल तर शब्द मोजण्याआधी त्याला नीट ऐकू येते का, हे पाहतात. वांद्र्याच्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत आणि नायर रुग्णालयाच्या श्रवण व वाचा विभागात अशा तपासण्या होतात. तिथे जाताना मुलाच्या तोंडी असलेल्या सर्व भाषांतल्या शब्दांची यादी, ते न बोलताही ज्या सूचना समजून घेते त्यांची नोंद, त्याचे हातवारे आणि बोट दाखवणे, दिवसातला किती वेळ ते कोणाबरोबर आणि कोणत्या भाषेत असते याची माहिती, आणि घरात खेळतानाचे पाच-दहा मिनिटांचे चित्रीकरण सोबत न्यावे. अनोळखी खोलीत गप्प बसणाऱ्या मुलाविषयी तज्ज्ञाला त्यातून पुष्कळ काही कळते.